शेअरमागे बारा

३ फेब्रुवारी

ढब्बू,

आशीर्वाद लिहावा की लिहू नये हे ठरवण्यात दोन कागद फुकट गेले, तेव्हा तो वगळून कामाचंच लिहिते. फोन केला की वहिनी उचलते आणि "ते झोपलेत" म्हणते. सकाळी अकरा वाजता! लिफ्टच्या कंपनीत होतास तेव्हा पहाटे पाचला उठून स्वतःचा डबा स्वतः भरायचास. निवृत्त माणसाला इतकी झोप लागत नाही, मी स्वतः निवृत्त आहे. म्हणून पत्र. पत्राला कोणी "झोपलेत" सांगत नाही.

काम असं आहे. परवाच्या पेपरात जाहिरात आली, कात्रण सोबत लावलंय. आपल्या त्या बाटल्यांच्या कंपनीला दुसरी एक बडी कंपनी गिळायला निघालीय. लहान भागधारकांना शेअरमागे एकतीस देऊन ते शेअर उचलणार आहेत. फॉर्म अठरा मार्चला संध्याकाळी पाचच्या आत त्यांच्या कचेरीत पोचला पाहिजे. त्यानंतर हा शेअर बाजारातून उठणार. मग तू विकायला काढलास तरी घ्यायला कोणी उभं राहणार नाही.

तू एकशे अठ्ठेचाळीसला घेतलेस, हे मी विसरलेले नाही. एकतीस म्हणजे तुला थट्टा वाटेल. पण आज बाजारात सव्वीस आहे. एकतीसच्या हिशेबानं जे येईल त्यात दोन खोल्यांची अनामत भरता येते, मी चौकशी केलीय. वहिनीच्या भावाच्या घरात, मागच्या खोलीत, त्यांच्या ट्रंकांच्या मध्ये किती दिवस काढणार आहात? दीड वर्ष होऊन गेलं. तो भाऊ चांगला आहे, काही बोलत नाही, पण न बोलण्याचाही भार होतोच.

देऊन टाक आणि मोकळा हो. झालं ते झालं. ते उगाळायला मी पत्र लिहीत नाही.

ताई

१४ फेब्रुवारी

ढब्बू,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच, तरी रोज जिन्यातली पेटी उघडते. विजेच्या बिलाशिवाय मला कोणी विचारत नाही.

एकदा वाटतं, तुझ्या मनात माझ्याबद्दल काय बसलंय ते मीच लिहून टाकावं, म्हणजे तुला निदान खोडता तरी येईल. तुझ्या मते मी तुला बुडवलं. ठीक. पण त्या गुरुवारी काय घडलं ते तरी नीट आठव.

तू आलास तेव्हा मी दूध तापवत होते. तू ओट्यावरच कंपनीचा जुना अहवाल उघडलास, आणि मी तिकडे बघत राहिले म्हणून दूध उतू गेलं. तुझ्या त्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर भरणाऱ्या शेअरवाल्यांच्या मंडळात दोन तट पडले होते. "भाव पडतोय कारण एक भट्टी बंद आहे," तू सांगत होतास. "औषधवाले म्हणतात, यंदा लाभांश कापणार. मास्तर म्हणतात, बारा वर्षांत एकदाही चुकवला नाही, यंदा कशाला चुकवतील? अगं ताई, मला भावाशी काय करायचंय? मी कुठे विकायला घेतोय! एकशे अठ्ठेचाळीसवर वर्षाला बारा आले की बँकेच्या व्याजाला मागे टाकतं. शेअरला हात लावायचा नाही, नुसत्या लाभांशावर घर चालवायचं. पण बारा यायला पाहिजेत."

तू मला काही विचारलं नव्हतंस, हे कबूल. तू स्वतःशीच भांडत होतास, नेहमीसारखा, दोन्ही बाजूंनी. मीच मधे तोंड घातलं. म्हटलं, "घे. बारा आहे."

तू म्हणालास, "नक्की?"

मी म्हटलं, "पान माझ्या हाताखालून गेलंय."

तुझा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नोकरीचा कोणाला उपयोग झाला. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या अहवालांतली चुकलेली वेलांटी शोधण्यात गेली. लोक लग्नात ओळख करून द्यायचे, "ही छापखान्यात असते," आणि समोरचा जेवणाच्या रांगेकडे बघायचा.

तर ते पान. त्या कंपनीचा अहवाल आमच्याच छापखान्यात व्हायचा, पण आमच्याकडे काम कसं चालतं हे तुला माहीत नाही. नवा अहवाल गेल्या वर्षीच्या पानांवरच चढवतात. कंपनीकडून नवे आकडे येईपर्यंत जुने आकडे तसेच बसवून ठेवायचे आणि त्यांना पिवळा रंग द्यायचा. खरा आकडा आला की पिवळा काढायचा. पिवळा दिसला की समजायचं, हे अजून गेल्या वर्षीचं आहे, यावर विश्वास ठेवायचा नाही. तिथला पहिल्या दिवशीचा माणूसही हे जाणतो.

त्या बुधवारी रंगीत यंत्रातली शाई संपली होती. ऑपरेटरनं प्रूफ काळ्यापांढऱ्या यंत्रावर काढलं. पिवळा रंग काळ्यापांढऱ्यात उमटतच नाही, कागदासारखा कागद दिसतो. पानावर बारा छापलेला, आजूबाजूला स्वच्छ पांढरं. मी पाहिलं आणि मानलं. चूक झाली. पण त्या चुकीत ऑपरेटर होता, शाई वेळेवर न आणणारे मालक होते, मी एकटी नव्हते.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. आता फॉर्म भर.

ताई

२७ फेब्रुवारी

ढब्बू,

फॉर्म मीच मिळवलाय. सोबत आहे. तुझं नाव, पत्ता, शेअरची संख्या, सगळं मी भरलंय, माझ्या शाळेतल्या बाईंना शोभेल अशा अक्षरात. (त्या मला काय म्हणायच्या आठवतं ना? "अक्षर सुधार, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचत बसशील." तसंच झालं.) फक्त दोन ठिकाणी सही कर. पेन्सिलीनं फुली केलीय. पाकिटावर पत्ता घालून तिकीटही लावलंय.

काल मी तुझ्या मंडळात जाऊन आले. हसू नकोस. माळ्याचा तो लोखंडी जिना चढताना गुडघ्यांनी माझी चांगली खोड मोडली. वर तेच बाक, तोच डुगडुगता पंखा, आणि मास्तर, औषधवाले, शिवाय तो कायम सर्दी झालेला विमा एजंट. आता ते एका साखळ्या बनवणाऱ्या कंपनीवर अडलेत. मास्तरांचं म्हणणं, लाभांश कमी देते पण नफा धंद्यात घालते, दहा वर्षांनी भाव बघा. औषधवाले म्हणाले, "दहा वर्षांनी तुम्ही बघा, मी नसेन. मला दर वर्षी हातात काय पडतं ते सांगा." एजंट शिंकला. जसं तू सांगायचास तसंच सगळं.

मी विचारलं, एकतीसला द्यावेत का? मग मास्तर म्हणाले, कंपनीची जागाच एकतीसच्या वरची आहे, थांबलं तर जास्त मिळेल. औषधवाले त्यांच्यावर खेकसले. "जागा कंपनीची, तुमची नाही! भट्टी थंड, कामगार घरी, बँक दारात. एकतीस मिळताहेत तर पळा." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "त्याला म्हणावं, लाजू नकोस. इथे सगळ्यांनीच कधी ना कधी ठोकर खाल्लीय. बाकावर त्याची जागा आहे."

त्या माणसाचा मला राग यायचा, काल आला नाही.

जिना उतरताना मला फार एकटं वाटलं. तुला वाटत असेल, ताईला काय, तिचा फंड तिच्या बँकेत सुखरूप आहे. आहे सुखरूप. त्याचं काय करायचं ते मात्र मला कळत नाही. मी म्हटलं होतं, त्यातले निम्मे घे. तू वहिनीकरवी निरोप पाठवलास, "नको म्हणावं." एवढंच. तुझ्यासारखा बडबड्या माणूस दोन शब्दांवर आला की मला धडकी भरते.

सही कर रे. एवढं एक ऐक.

ताई

११ मार्च

ढब्बू,

सात दिवस राहिलेत. फॉर्म पोचला असता तर त्यांच्या कचेरीतून पोच आली असती, कारण खाली संपर्क म्हणून मी माझा नंबर घातलाय. आलेली नाही. म्हणजे तू सही केलेली नाहीस.

का केली नसशील याचा मी रात्रंदिवस विचार करतेय आणि मला एकच कारण दिसतं. मी तुला तीन पत्रांत "वीक, वीक" म्हणते आहे आणि मागच्या वेळी "घे, घे" म्हटलं होतं. माझ्या शब्दावर तू का चालावंस? तू चालावंस असं वाटत असेल तर मला पूर्ण सांगायला हवं. दुसऱ्या पत्रात मी अर्ध्यावर थांबले. तिथे थांबले की मी भोळी ठरते, म्हणून थांबले.

गुरुवारी मी तुला सांगितलं. शुक्रवारी तू तुझी निवृत्तीची सगळी रक्कम घातलीस. घरमालक ज्या रकमेत राहता फ्लॅट तुम्हाला देणार होते, तीही त्यातच होती. हे तू मला शनिवारी हसत हसत सांगितलंस.

मंगळवारी सकाळी शाई आली आणि रंगीत प्रूफ माझ्या टेबलावर आलं. बारा पिवळ्यात होता. लख्ख पिवळ्यात. तरी मी म्हटलं, नवा आकडाही बाराच येईल, बारा वर्षं येतोय. दुपारी कंपनीकडून खरं पान आलं. "संचालक मंडळाने यंदा लाभांशाची शिफारस केलेली नाही." वाक्य लांब होतं, पुढे कारणं होती. त्यात एक स्वल्पविराम राहिला होता. ढब्बू, मी तो स्वल्पविराम घातला, पानावर सही केली आणि पान पुढे पाठवलं.

हे जाहीर झालं त्यानंतरच्या सोमवारी. मधे बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस बाजार उघडा होता. भाव एकशे पंचेचाळीसच्या आसपास होता. तू विकून बाहेर पडला असतास तर तुझं केसालाही धक्का लागल्याइतकं नुकसान झालं नसतं.

मी फोन केला नाही. विसरले नव्हते. तिन्ही दिवस संध्याकाळी फोन हातात घेऊन बसले. स्वतःला सांगत होते की गुरुवारी बोलले त्या बहीणभावातल्या गप्पा होत्या, आणि आता बोलले तर ती फितुरी. आम्ही गुप्ततेच्या कागदावर सही केलेली असते, बाहेर बोललं की त्याच दिवशी घरी. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. फंड, ग्रॅच्युइटी, निरोपसमारंभ. मालक सगळ्यांना निरोपाला घड्याळ देतात. मला पेन दिलं.

सोमवारी संध्याकाळी तुझा फोन आला. तू ओरडला नाहीस. तू एवढंच विचारलंस, "ताई, तुला कधी कळलं?" आणि मी म्हटलं, "आत्ताच, तुझ्याबरोबर." तू फोन ठेवलास. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला पेपरवाल्याबरोबर कळेल, यावर कोण विश्वास ठेवेल? तुला तेव्हाच समजलं असणार की मी खोटं बोलते आहे. किती मोठं, ते मात्र तुला आज समजतंय.

आता तू माझं तोंड बघू नकोस, हवं तर. पण सही कर. या वेळी मी काही लपवलेलं नाही, म्हणून या वेळी तरी माझं ऐकता येईल.

ताई

१५ मार्च, त्याच कागदावर

हे पत्र चार दिवस माझ्या पर्समध्ये आहे. पोस्टापर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा रांग होती. दुसऱ्यांदा रांग नव्हती, तरी परत आले. मला वाटत राहिलं, कदाचित उद्या पोच येईल, कदाचित तू सही करून पाठवलंच असशील, मग हे सगळं सांगायची गरजच उरणार नाही. लाज ही मोठी चिवट गोष्ट आहे रे. आज टाकते. टपालाला तीन दिवस लागतात असं खिडकीवरची बाई म्हणाली, पण कधी कधी दोन दिवसांतही जातं.

मिळाल्या मिळाल्या सही करून कोणाला तरी हातोहात कचेरीत पाठव. पाचच्या आत.

२४ मार्च

ढब्बू,

काल वहिनीचं पत्र आलं. पावणेदोन वर्षांत तुझ्या घरून आलेलं पहिलं. तिचं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं. सुरेख आहे, एकही खाडाखोड नाही. तिनं ते आधी कच्चं लिहून मग उतरवलं असणार.

माझं पत्र तुला एकोणीस तारखेला सकाळी मिळालं, म्हणजे पंधरा तासांनी चुकलं.

तिनं लिहिलंय की माझी सगळी पत्रं तू वाचलीस, कात्रणासकट. मी भरलेला फॉर्म ट्रंकेवर ठेवला होतास, वर पेन ठेवून. ती रोज म्हणायची, सही करा. तू म्हणायचास, "ताई 'वीक' म्हणते, पण का ते लिहीत नाही. मागच्या वेळीही नुसतं 'घे' म्हणाली होती. तिच्या पोटात काहीतरी आहे. ते ओठावर येऊ दे, मग करतो." दुसऱ्या पत्रातली शाईची गोष्ट वाचून तू म्हणालास, "अजून सगळं नाही आलेलं." अठरा तारखेला दुपारी दोनपर्यंत तू टपालवाल्याची वाट पाहिलीस. मग फॉर्म घडी करून अहवालाच्या आत ठेवलास. मी ते पत्र पंधराऐवजी अकरा तारखेला टाकलं असतं तर आज तुम्ही घर बघायला निघाला असतात. ती हे शब्द वापरत नाही, तिनं फक्त तारखा लिहिल्यात.

तो शेअर काल बाजारातून उठला. मी पेपरात बघितलं, रकान्यात त्याच्या वरचा आहे, त्याच्या खालचा आहे, तो नाही.

मी पुन्हा तेच केलं. पहिल्यांदा नोकरी वाचवायला गप्प बसले, दुसऱ्यांदा तोंड वाचवायला. तुझं दोन्ही वेळी गेलं, माझं दोन्ही वेळी राहिलं. माफी मागावी असं यात काही उरलेलं नाही. मागितली तर ती मला बरं वाटावं म्हणूनच असेल. माझा फंड मी सगळा तुमच्या नावे करायला तयार आहे. वहिनीनं आधीच लिहून टाकलंय की ते घेणार नाहीत, पुन्हा विचारू नका. यापुढे पत्रही नको, म्हणते. बरोबर आहे तिचं. हे शेवटचं. वाचायचं नसेल तर वाचू नकोस.

पण तिनं शेवटी जे लिहिलंय ते मला एकटीला पेलत नाही, म्हणून तुलाच परत सांगते, तुला ते माहीत असूनही.

मला आजवर वाटत होतं, त्या तीन दिवसांत तुला काहीच कळलं नव्हतं, तू बेसावध होतास. वहिनी लिहिते, बुधवारी ब्रोकरचा फोन आला, बाजारात कुजबुज आहे, लाभांश येत नाही म्हणतात, विकू का? गुरुवारी पुन्हा आला. शुक्रवारी औषधवाले स्वतः जिना चढून तुमच्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, आम्ही निघालो, तूही नीघ. वहिनीही मागे लागली होती. तू सगळ्यांना एकच उत्तर दिलंस. "तसं काही असतं तर आधी ताईचा फोन आला असता."

ते तीन दिवस तू घराबाहेर पडला नाहीस. आंघोळीला जातानाही फोन बाहेर स्टुलावर ठेवायचास आणि दार किलकिलं ठेवायचास, वाजला तर ऐकू यावा म्हणून.

ताई